नाव तेच, माणसं दुसरी: नाटक मंडळ्या, तमाशाचे फड आणि रॉक बँड

आजचा विषय मी निवडलेला नाही, इथल्या तरुण मंडळींनी दिला. रॉक बँडमधली मुख्य माणसं गेली, कुणी वारलं, कुणी भांडून वेगळं झालं, तर उरलेल्यांनी त्याच नावाने पुन्हा एकत्र यावं का? जळोचीत रॉक बँडवर व्याख्यान आहे असं कळल्यावर काही ज्येष्ठ मंडळी घरीच थांबली असावीत. (हशा) ती यायला हवी होती, कारण या प्रश्नाचा अनुभव त्यांना जास्त आहे. यात्रेसाठी तमाशाचा फड ठरवायला गावकरी जातात तेव्हा हाच प्रश्न रोकडा विचारतात. पाटीवर जिचं नाव आहे ती बाई स्वतः येणार का? येणार नसेल, तर सुपारी कशाची?

आधी रॉकवाल्यांचं थोडक्यात सांगतो. लेड झेपेलिन या इंग्रज बँडचा ड्रमवादक जॉन बोनम १९८० मध्ये वारला. उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी जाहीर केलं की आता आम्ही थांबतो. पुढे २००७ च्या डिसेंबरात लंडनला एका रात्रीसाठी ते उभे राहिले, तेव्हा ड्रमवर बसला जेसन बोनम, म्हणजे जॉनचा मुलगा. क्वीनची गोष्ट वेगळी. गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेला, बास वाजवणारा जॉन डीकन पुढे निवृत्त झाला, तरी उरलेले दोघं एका तरुण गायकाला घेऊन दौरे करतात. मात्र पाटी लावतात 'क्वीन प्लस अॅडम लॅम्बर्ट' अशी. हा 'प्लस' लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला मराठीत भेटणार आहे.

आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे एक परिच्छेद माझा. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी वस्त्राचं उदाहरण घेतलंय. धागे म्हणजे अवयव, वस्त्र म्हणजे अवयवी. या वस्त्रातले काही धागे ओढून काढले तर तेच वस्त्र राहतं का? त्यांचं उत्तर कडक आहे. पहिलं वस्त्र, ते महापट, नष्ट झालं. आता जे आहे ते खंडपट, नवं उत्पन्न झालेलं. मग आपण 'हेच ते माझं धोतर' असं का म्हणतो? सारखेपणामुळे. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, तरी आपण तीच ज्योत म्हणतो ना, तसं. मिलिंदप्रश्नातला नागसेन तर म्हणेल की रथ हे नुसतं सोयीचं नाव आहे, चाकं आणि जू वेगळी काढा आणि रथ दाखवा. ग्रीकांकडे थिसियसचं जहाज आहे, ज्याच्या फळ्या एकेक करून बदलल्या. ही सगळी उदाहरणं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली आणि त्यांच्यात एक मोठी उणीव आहे असं मला वाटतं. धागा धाग्याला काही शिकवत नाही. जहाजाची जुनी फळी नव्या फळीला पाण्यात कसं राहायचं ते सांगून जात नाही. नाटक मंडळीतला माणूस मात्र शेजारच्याला, धाकट्याला, पोराला शिकवून जातो. कधी शिकवत नाही, सगळं स्वतःच्या गळ्यात ठेवतो. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. गेलेला माणूस किती मोठा होता हे विचारण्याआधी, त्याने मागे काय आणि कुणाच्या अंगात ठेवलं, हे विचारायला हवं.

हे आपल्या इतिहासात पडताळून बघू.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात १८८० च्या ऑक्टोबरात रंगभूमीवर आलं, 'सौभद्र' १८८२ मध्ये. आणि १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब गेले. 'रामराज्यवियोग' अर्धंच राहिलं. मंडळीचं नावच किर्लोस्कर. नाटककार तेच, शिकवणारे तेच. माणूस मुख्य म्हणावा तर याहून मुख्य कोण? आजच्या भाषेत बँड संपला. पण झालं काय? भाऊराव कोल्हटकरांसारखा गाणारा होता, आणि तालमी घेणारे गोविंद बल्लाळ देवल होते, जे अण्णासाहेबांच्याच हाताखाली तयार झाले होते. देवलांचं 'शारदा' याच मंडळीने १८९९ मध्ये आणलं. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. तरी मंडळी चालली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक तरुण मंडळीत आला, ज्याला आपण बालगंधर्व म्हणतो, आणि १९११ मध्ये खाडिलकरांचं 'मानापमान' याच मंडळीने केलं.

म्हणजे बघा, किर्लोस्कर मंडळीची जी नाटकं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होती त्यातली निम्मी संस्थापकाच्या मृत्यूनंतरची. बालगंधर्व आले तेव्हा मंडळीला पंचवीस वर्षं होत आली होती. मूळ संचाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी 'किर्लोस्कर कंपनीचा सुवर्णकाळ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे तेच येतात. रॉकमध्येही असंच आहे. बीटल्सचा रिंगो स्टार १९६२ मध्ये आला, त्याच्याआधी ड्रमवर पीट बेस्ट होता. 'मूळ' याचा अर्थ पहिला असा लोक कधीच घेत नाहीत. लोकांच्या मनात ठसला तो मूळ.

'मानापमाना'कडे जरा थांबू, कारण ते या प्रश्नाचं उत्तम प्रयोगशाळेतलं उदाहरण आहे. १२ मार्च १९११ च्या पहिल्या प्रयोगात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. जोगळेकर त्याच वर्षी वारले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिथे धैर्यधर झाले टेंबे, ज्यांनी मुळात या नाटकाच्या चाली दिल्या होत्या. टेंबेही पुढे गेले, बोडसही गेले. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर! त्या प्रयोगाची आठवण मराठी माणसाने शंभर वर्षं सांभाळलीय. आणि दीनानाथ मंगेशकरांचा धैर्यधर तर आणखी निराळा, स्वतःच्या चालींचा, त्यावरही लोकांनी जीव टाकला. इतके धैर्यधर! कुणी म्हणालं नाही की जोगळेकर नाहीत तर नाटक बंद करा. मात्र गंधर्वांच्या हयातीत, त्यांच्या मंडळीत, भामिनी दुसऱ्याने करायची म्हटलं असतं तर तिकिटाचे पैसे परत मागितले गेले असते. एकाच नाटकातल्या दोन भूमिका. एक माणसावाचून उभी राहते, दुसरी राहत नाही. त्यामुळे 'मुख्य माणूस कोण' याचं उत्तर मंडळी देत नाही, बघणारा देतो. आणि तो ते पिढीगणिक बदलतोही.

केशवराव भोसले त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांत गेले. ४ ऑक्टोबर १९२१. वय अवघं एकतीस. आता या ललितकलादर्शची हकीकत नीट ऐका, मला आजच्या विषयात ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत केशवरावांनी ती स्थापन केली. मालक तेच, नायक तेच, आवाज त्यांचा. ते गेल्यावर मंडळी बुडणार असंच कुणालाही वाटलं असतं. ती हाती घेतली बापूराव पेंढारकरांनी. बापूराव केशवरावांची नक्कल करत बसले नाहीत. मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' त्यांनी १९२२ मध्ये आणलं; सामाजिक, राजकीय विषयाचं नाटक. संगीताला वझेबुवा होते, रामकृष्णबुवा वझे, जे या मंडळीच्या संगीताशी आधीपासून जोडलेले होते. म्हणजे गळा बदलला, पण गळा घडवणारा माणूस टिकला.

१९३७ मध्ये बापूरावही गेले. बोलपटांचा काळ, नाटक कंपन्या एकामागून एक मिटत होत्या. मुलगा भालचंद्र तेव्हा मिसरूड न फुटलेला. त्याने गाणं शिकलं कुणाकडे? वझेबुवांकडेच. आणि १९४२ मध्ये तो रंगभूमीवर उभा राहिला तो 'सत्तेचे गुलाम' घेऊनच, वडिलांनी वीस वर्षांपूर्वी केलेलं नाटक. हे खरं पुनर्मीलन. मूळ संचातलं मुख्य असं कुणी नाही, पण शिकवणूक आहे, संहिता आहे, गाण्याची वाट आहे. पुढे बाळ कोल्हटकरांचं 'दुरितांचे तिमिर जावो' आलं, विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' आलं. भालचंद्र पेंढारकर २०१५ मध्ये गेले, त्र्याण्णव वर्षांचे होऊन. केशवरावांचा संसार तेरा वर्षांचा. त्यांच्यामागे त्यांच्या मंडळीचं नाव नव्वदहून जास्त वर्षं वापरात राहिलं. जो म्हणेल की 'केशवरावांशिवाय ललितकलादर्श ही फसवणूक', त्याला मी विचारेन की 'पंडितराज जगन्नाथ' कोणाच्या खात्यावर लिहायचं?

जाता जाता एक सांगतो. अण्णा पेंढारकरांनी नाटकांच्या प्रयोगांचं ध्वनिमुद्रण करून ठेवण्याचा ध्यास घेतला होता, स्वतःच्याच नव्हे, इतरांच्याही नाटकांचं. गळ्यातलं गळ्यातच राहू नये, याची काळजी त्या घराला होती.

उलट बाजूला गंधर्व मंडळी. १९३४-३५ च्या सुमारास ती थांबली आणि बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात गेले. तिथे त्यांचं मन रमलं नाही. पुढे मंडळी पुन्हा उभी राहिली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात गोहरबाई कर्नाटकी तिच्यात आल्या. आता गंमत बघा. इथे मुख्य माणूस हजर आहे, नावही त्याचंच आहे. तरी लोक म्हणत राहिले की ती गंधर्व मंडळी राहिली नाही. वय झालं होतं. शालूतली भामिनी उतरून आता पुरुष भूमिका आल्या होत्या, आणि नायिका करत होत्या गोहरबाई. या गोहरबाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांची गायकी गळ्यात उतरवून आलेल्या. म्हणजे एका रंगमंचावर मूळ माणूस आणि त्याची उतरलेली कला शेजारी शेजारी उभी! त्या काळच्या रसिकांनी गोहरबाईंना फार कठोरपणे वागवलं, आणि त्यात त्यांच्या गाण्याचा दोष कमी, त्या मुसलमान होत्या, कलावंतीण घरातल्या होत्या आणि बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या होत्या याचा राग जास्त होता, असं माझं मत आहे. मूळ संचाच्या निष्ठेच्या नावाखाली कधी कधी आपण दुसराच हिशेब चुकता करत असतो. बीटल्स फुटल्यावर लोकांनी योको ओनोला जे बोललं ते आठवा.

मुख्य माणूस हजर असूनही जमत नाही, आणि कुणीही मूळचं नसून जमतं, ही दोन टोकं झाली. मधे एक चमत्कारिक प्रकरण आहे, पुण्यातलंच. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पीडीएने, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे वगैरे मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ पासून नाटक पुन्हा सुरू केलं. नाव एकीकडे राहिलं, माणसं दुसरीकडे गेली. खरी कुठली? मला विचाराल तर हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण नाटक माणसांबरोबर गेलं. आणि त्या नाटकात सगळ्यात मोठा नट कोण? माणसांची ती भिंत. ब्राह्मणांची रांग, जी पडदा होते, वाडा होते, गर्दी होते. वीसेक वर्षांत त्या रांगेतले किती जण बदलले! कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. नवा पोरगा शेजारच्याच्या खांद्याशी खांदा लावून पाय टाकायला शिकायचा. भिंत मात्र तीच दिसायची. नैयायिकांचं खंडपट इथे चालत नाही, बरं का.

तरुणांचा प्रश्न रॉकचा होता, तेव्हा मुंबईचा एक बँड घेऊ. १९८४ मध्ये रॉक मशीन नावाने सुरू झाला, १९९३ मध्ये स्वतःच नाव बदलून इंडस क्रीड झाला, १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये परत आला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने. बास आणि ड्रमवर नवे तरुण. परत येऊन त्यांनी २०१२ मध्ये सगळ्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला. बापूराव पेंढारकरांनी 'सत्तेचे गुलाम' आणलं, त्याच जातीची ही गोष्ट. जुनीच गाणी जुन्याच क्रमाने वाजवायला कुणी परत येत असेल तर त्यालाही माझी हरकत नाही, पण मग तो स्मरणाचा कार्यक्रम आहे, तसं सांगून करावा.

आणि आता तमाशा, ज्याच्यासाठी मी इतका वेळ राखून ठेवला.

नाटक कंपनी किंवा रॉक बँड थांबतो, तेव्हा चार-पाच मोठ्या माणसांचा निर्णय असतो. लेड झेपेलिनच्या तिघांना थांबणं परवडलं. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका विकल्या जातात, घरी पैसे येतात. तंबूच्या मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या मुली, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, सरदार, गाडीचे ड्रायव्हर, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी. मालकीणबाई गेली म्हणून फड मोडला, तर या शंभरांची चूल विझते. पावसाळ्यात फड बंद असतो तेव्हा उचल घेतलेली असते, ती पुढच्या हंगामात फिटायची असते. अशा ठिकाणी 'मूळ माणूस नाही तर नाव वापरू नका' हे म्हणणं शहरात बसून सोपं आहे.

तमाशाने यावर स्वतःची युक्ती काढली आहे, आणि ती मला क्वीनच्या 'प्लस'हून जुनी आणि शहाणी वाटते. तुकाराम खेडकर १९६४ मध्ये वारले. त्यांच्या फडात गाजलेल्या कांताबाई सातारकरांनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि पाटी लावली: तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ. तो 'सह' बघा. गेलेला माणूस पहिला, उभी असलेली बाई नंतर, दोघं एका ओळीत. पाटी वाचणाऱ्याला कळतं की घराणं कोणाचं आणि बोर्डावर नाचणार कोण. नंतर मुलगा रघुवीर मोठा झाला तेव्हा पाटी पुन्हा बदलली, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. कांताबाई २०२१ मध्ये गेल्या. नारायणगावच्या विठाबाईंचंही तसंच. वडील आणि चुलत्यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर फड, त्यातून विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, आणि लेक मंगला बनसोडे यांचा फड 'सह नितीनकुमार', म्हणजे पुढे त्यांचा मुलगा. पाटी म्हणजे वंशावळच. जेसन बोनम बापाच्या जागी बसला तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना कौतुक वाटलं. आपल्याकडे पोरगं पाळण्यातच ढोलकी ऐकतं.

कवलापूरच्या काळू-बाळूंचं मात्र मला अजून सुटत नाही. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. वगात त्यांनी हवालदार केले आणि त्या सोंगांची नावंच त्यांना चिकटली. सगळी गंमत दोघं सारखे दिसण्यात. एक गेल्यावर दुसरा कितीही मोठा नट असला तरी ते सोंग कसं उभं करायचं? ही कला शिकवता येण्यासारखी नव्हती, ती जन्माने आली होती. काही गोष्टी संपतात, आणि तिथे पाटी बदलून उपयोग नसतो.

(श्रोत्यांमधून आलेल्या प्रश्नाला उत्तर देताना) यात्रा कमिटीने काय बघावं, असं विचारताय. मी कधी सुपारी दिलेली नाही, पण विषयावरून सांगतो. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, तिथे तुम्ही जाताच. पाटीवरचं नाव हयात आहे का, एवढंच विचारून थांबू नका. वगात मुख्य काम कोण करणार, ती किती हंगाम या फडात आहे, गण-गवळण तिला कोणी शिकवली, हे विचारा. जुनी माणसं आहेत ना, ढोलकीवाला तरी? आणि ठरेल ते इसार देताना कागदावर नावानिशी लिहून घ्या, कारण भांडणं होतात ती पहाटे हजेरीच्या वेळी होतात आणि तेव्हा कुणाला न्यायशास्त्र सांगून उपयोग नसतो. (हशा) फडवाल्याने आपणहून सांगितलं की बाई आता थकल्यात, त्या गादीवर बसतील आणि लेक उभी राहील, तर त्या फडाला सुपारी द्यायला माझी अजिबात ना नाही. रक्कम मात्र लेकीच्या कामाची ठरवा, बाईंच्या नावाची नको.

अजून एक चिठ्ठी आहे, जळोची बारामती नगरपरिषदेत गेल्यावर जळोची राहिली का, अशी. हा प्रश्न मी पुढच्या वक्त्यांसाठी ठेवतो.